राजवाड्यापलीकडचं बडोदं

बडोद्याला पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. लक्ष्मी विलास, म्युझियम, कीर्तिमंदिर, संध्याकाळी सूरसागरची फेरी आणि निघताना दुलीरामचे पेढे. यंदा भाची आली ती मात्र वेगळंच मनात घेऊन. ती अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकते. म्हणाली, "मावशी, राजवाडा पुढच्या वेळी. मला सयाजी हॉस्पिटलपासून छोटा उदेपूरपर्यंतचा रस्ता बघायचाय."

सयाजी, म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, आम्हा दांडिया बाजारवाल्यांना रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यातून, अगदी मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरकडूनही इथे रुग्ण येतात. आवारात गाठोडी घेऊन बसलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. ती किती लांबून येतात याचा हिशेब भाचीच्या वहीत होता, आणि त्यात किलोमीटरचा रकानाच नव्हता. होता तो मिनिटांचा.

गाडी शहराबाहेर पडल्यावर तिने कारण सांगितलं. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण दोन तासांत बाई दगावू शकते. छोटा उदेपूर बडोद्यापासून शंभरेक किलोमीटर. म्हणजे ते दोन तास नुसत्या रस्त्यातच जायचे. त्याआधी घरच्यांनी न्यायचं ठरवायला हवं, वाहन मिळायला हवं. आणि पोचल्यावर डॉक्टर, रक्त तयार हवं. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ साली या 'तीन उशिरां'ची मांडणी केली. खेड्यातल्या दवाखान्यांचं जाळं कसं विणायचं याचा विचार आजही त्यावरूनच होतो म्हणे.

डभोईला हिरा भागोळ बघायला थांबलो. ती कोरीव वेस पाहून भाचीही दहा मिनिटं वही विसरली. पण डभोईची मला खरी गंमत वाटते ती रेल्वेची. गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी छोटी रेल्वे टाकली आणि सुरुवातीला ती चक्क बैल ओढत असत! पुढे डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. चहूकडच्या खेड्यांतला माल आधी डभोईला गोळा होई, मग पुढे जाई. भाची म्हणाली, "दवाखान्यांचंही हेच. प्रत्येकाला बडोद्यापर्यंत यायला लागणं हेच नियोजनाचं अपयश."

कागदावर जाळं आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० मागे सामूहिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयासारखं. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,०००. आकडे ठीक आहेत. पण माणसं मोजून नेमलेल्या केंद्राला मध्ये येणारी नदी मोजता येत नाही.

बोडेली ओलांडली आणि कापसाच्या जिनिंगा मागे पडल्या. ओरसंगचं पात्र म्हणजे पावसाळा सोडला तर वाळूच वाळू. इथून जवळच जबुगाम. बडोद्याजवळच्या नंदेसरीत १९८२ साली सुरू झालेल्या दीपक फाउंडेशनने सरकारच्या साथीनं इथल्या सामूहिक आरोग्य केंद्रात अवघड बाळंतपणांसाठी विभाग उभा केला. शिवाय सयाजी हॉस्पिटलमध्ये एक मदत-कक्षही. खेड्यातून पाठवलेल्या बाईला त्या प्रचंड इमारतीत कुठे जायचं, कोणता कागद कुठे द्यायचा हे दाखवायला माणूस हवाच ना! मला तर या सगळ्या योजनेत हा कक्षच सगळ्यात शहाणपणाचा वाटला. वाट संपते दारात, पण उशीर दाराच्या आतही होतो.

जबुगामसारखं ठिकाण मध्ये असलं की ते दोन तास निम्मे होतात. मात्र तिथे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि साठवलेलं रक्त, तिन्ही एकाच वेळी हवं. दोन असून तिसरं नसलं तरी गाडी पुन्हा बडोद्याकडेच वळते. २००५च्या अखेरीस गुजरात सरकारने चिरंजीवी योजना आणली: गरीब बाईचं बाळंतपण खाजगी डॉक्टरनं करायचं, पैसे सरकारनं द्यायचे. कल्पना चांगलीच, पण डॉक्टर त्या गावात राहायला तर हवा. मुलांच्या शाळा बडोद्यात असल्या की डॉक्टरही बडोद्यात, हे आपल्याच घराघरांत दिसतं. टीका कुणावर करायची?

तेजगढला आदिवासी अकादमीत उतरलो. भोरचे आपले गणेश देवी यांनी उभी केलेली ही संस्था. तिथल्या संग्रहालयात राठवांची पिठोऱ्याची चित्रं, वाद्यं, आणि कानावर राठवी बोली. ती गुजरातीच्या जवळची खरी, पण तीच नव्हे. रोगी एक बोलतो, नर्स दुसरं, डॉक्टर तिसरं. हे अंतर कुठल्या रकान्यात लिहायचं, असं मी विचारलं. भाचीनं वहीत नवी रेघ ओढली.

कवाटच्या वाटेवर एका फळियात थांबलो. फळिया म्हणजे डोंगरउतारावर आपापल्या शेतात विखुरलेली घरं. एका घरातून दुसऱ्या घरात जायला दहा-दहा मिनिटं. पळस फुलला होता, मोहाखाली टोपल्या घेऊन मुलं. तिथली आशा कार्यकर्ती ओट्यावर गर्भवतींची यादी घेऊन बसली. गुजरातेत १०८ रुग्णवाहिका २००७ साली सुरू झाली, तीही इथे येते. पण डांबरी रस्त्यापर्यंत. पुढे झोळी करून चार माणसांनी बाईला आणायचं, म्हणून प्रत्येक नावापुढे तिनं चार पुरुषांची नावं आधीच लिहून ठेवली होती. "यातले दोघं मजुरीला सूरतेला गेलेत," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे दोन नावं खोडून दुसरी लिहायला लागली.