नऊ तासांचे अंतर

लेकीला अँटवर्पचे स्थळ सांगून आले, तेव्हा घरात एकच प्रश्न होता : इतक्या दूर मुलगी द्यावी का? सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करण्यात माझी हयात गेली. आकडा मांडल्याशिवाय मला समाधान होत नाही. मी पत्नीला हिशोब सांगितला, "मुंबई ते ब्रुसेल्स सरळ रेषेत सुमारे ६,८७० किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. चढणे-उतरणे धरले तरी नऊ तासांत लेक आपल्याकडे."

ती एवढेच म्हणाली, "विमान आपल्या दारात उतरते का?"

मी हसून विषय टाळला. पुढे लग्न झाले. जावई सालस, हिऱ्यांच्या व्यापारातले घराणे सुसंस्कृत. लेक सुखात होती. रोज फोनवर आईचा प्रश्न ठरलेला असे, "सूर्यास्ताआधी जेवलीस का?" हिवाळ्यात तिथली घड्याळे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, त्यामुळे आपल्याकडे अंधार पडल्यावरही तिकडे दुपारच असे.

मागील मार्गशीर्षात पहाटे पाच वाजता पत्नीने देह ठेवला. अँटवर्पला तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. फोनवर लेक काही वेळ बोललीच नाही. मग आम्ही दोघेही हिशोबाला लागलो. त्या दिवशी थेट विमान नव्हते. दुबईमार्गे तिकीट मिळत होते, तेही दुपारचे. नकाशावर या वळशाने जेमतेम दोनशे किलोमीटर वाढत होते. पण दुबईला चार तासांचा खोळंबा होता. अँटवर्पहून ब्रुसेल्सचा विमानतळ, तेथील तपासणी, दोन विमाने, मुंबईचे सोपस्कार आणि शेवटी सांगलीपर्यंतचा पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता. बेरीज झाली छत्तीस तासांची.

वडीलधारी मंडळी ओसरीवर बसली होती. अंत्यसंस्कार लांबवू नयेत, ही आपली रीत. थांबावे की न थांबावे, हे माझ्या तोंडून निघेना. लेकच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी आईला थांबवू नका. तिला कोणतीही गोष्ट सूर्यास्तापलीकडे गेलेली चालत नसे."

त्या दिवशी मला माझ्या हिशोबातील चूक कळली. मी विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजले होते. पत्नीने उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत. व्यापारात मालाचा भाव काढताना आपण हमाली, तोलाई, वाहतूक सारे धरतो; मग मुलांच्या बाबतीतच हा खर्च का विसरतो? दूरदेशी मुले असणाऱ्या कुटुंबांना माझे सांगणे इतकेच : पारपत्र व व्हिसा सदैव तयार ठेवावेत, आणि अशा प्रसंगी थांबायचे की नाही, हे सर्वांनी धडधाकट असतानाच मोकळेपणाने बोलून ठेवावे. तो निर्णय रडणाऱ्या लेकीवर येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास गाडी दारात उभी राहिली. लेक आईच्या तसबिरीपुढे बसून राहिली. मी पश्चिमेकडे पाहिले. सूर्य अजून वर होता. स्वयंपाकघरात जाऊन मी ताट वाढले आणि तिच्यासमोर ठेवत म्हणालो, "बाळ, सूर्यास्ताआधी जेवून घे."