मुठीचा मोह

चाकू घेणाऱ्या माणसाची नजर आधी पात्यावर जाते. दुकानदारही हे जाणून असतो. तो पाते उघडतो, नखावर धार टेकवून दाखवतो, वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सर्रकन कापतो आणि विजयी मुद्रेने आपल्याकडे पाहतो. आमचे मात्र त्या प्रयोगाकडे लक्ष नसते. आम्ही मूठ न्याहाळत असतो. ती लाकडाची आहे की शिंगाची, हाताला गार लागते की उबदार, तिच्यातले खिळे पितळेचे आहेत की लोखंडाचे, दोन्ही बाजूंच्या फाकांचे रंग एकमेकांशी जुळतात की नाही, एवढे पाहून झाले की आमचा निर्णय झालेला असतो. पाते बोथट निघाले तर धार लावून देणारा कुठेही भेटतो. मूठच कुरूप निघाली, तर तिला काय करणार?

नोकरीच्या निमित्ताने वसई सोडून आम्ही शिरवळला आलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. इतक्या काळात बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात आमचे चौदा घडीचे चाकू जमले आहेत. घरातले कापणे-चिरणे विळीवर होते आणि फळांसाठी प्लॅस्टिकच्या मुठीची एक सुरी आहे. त्यामुळे नवा चाकू घरात आला की सौभाग्यवती विचारतात, "अहो, आता हा काय कापणार?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही, आणि त्याही उत्तराची वाट पाहत नाहीत. घरी येणारे पाहुणे मात्र डबा पाहून थोडे दचकतात. हिंदी चित्रपटांतील रामपुरी चाकूने या वस्तूचे नाव फारच खराब करून ठेवले आहे. अशा पाहुण्यांना आम्ही सांगतो की, आपल्या शस्त्रविषयक नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, तोही घरकामाची नि शेतीची हत्यारे वगळून. आमच्या डब्यातले सर्वांत मोठे पाते चार इंचांचे आहे. रामपूरकरांनी स्वतः तर २०२३ साली आपल्या एका चौकात वीस फुटांचा चाकूच उभा केला, पण ते जाऊ द्या.

शिरवळ हे पुणे-बंगळूर महामार्गावरचे, नीरेकाठचे गाव. नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. गावात सुभानमंगळ नावाची गढी होती. १६४८ साली शिवरायांच्या मावळ्यांनी ती आदिलशाही फौजेकडून लढून घेतली. आज तिचे अवशेष फार थोडे उरले आहेत. तिथून जाताना आमच्या मनात लढाईपेक्षा तलवारींच्या मुठी येतात. त्या शतकात मराठ्यांच्या हातातील पुष्कळ तलवारींची पाती युरोपात घडलेली असत. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांवर इथली मूठ चढवीत. अशा तलवारीला 'फिरंग' हे नाव पडले. लोखंड परक्याचे चालले, पण हातात धरायचा भाग आपल्या हाताच्या सवयीचा हवा, हा आग्रह त्यात दिसतो. आम्हा वसईकरांना ही गोष्ट ऐकून आपल्याच घराण्याची हकिकत ऐकल्यासारखे वाटले तर नवल नाही.

आता मुठींकडे वळू. आमच्या डब्यातील पाच मुठी लाकडाच्या आहेत. त्यांतली शिसवीची मूठ आम्हाला सर्वांत प्रिय. शिसव जड असते, तिच्यात मुळातच तेलकटपणा असतो आणि काळसर जांभळ्या रंगात बारीक रेषा धावत असतात. वापरणाऱ्याच्या हाताने तिला जी झिलई येते ती कोणत्याही पॉलिशने येत नाही. तेंदूच्या गाभ्याचे काळे लाकूड याहून घट्ट, पण थोडे अबोल. बाभळीला रूप नाही, पण ती तडकत नाही. कुऱ्हाडीचा नि खुरप्याचा दांडा म्हणून शेतकरी तिला उगीच पसंत करत नाही.

शिंगाची कथा वेगळी. म्हशीचे शिंग तापवले की मऊ होते, मग ते दाबून सपाट करता येते आणि त्याच्या फाका काढता येतात. त्याची पातळ कड उजेडात धरली तर मधासारखी दिसते. विजयदुर्गाकडे एके काळी शिंगाच्या नाजूक वस्तू बनत, ती हीच कला. पण शिंग हवेप्रमाणे वाकते आणि त्याला कीड लागते. आमच्या एका मुठीला किड्यांनी पाडलेली भोके आम्ही मेणाने बुजवली आहेत. येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातील आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी आमच्या ज्ञानात भर घातली. आपण मराठीत दोन्हींना शिंगच म्हणतो, पण म्हशीचे शिंग म्हणजे नखाकेसांच्या जातीचे द्रव्य. ते हाडाच्या गाभ्यावर चढलेले असते आणि जन्मभर टिकते. सांबराचे शिंग मात्र निव्वळ हाड. ते वर्षाला गळून पडते आणि पुन्हा उगवते. म्हणूनच सांबरशिंगाच्या मुठीवर झाडाच्या सालीसारखा खडबडीतपणा असतो आणि ओल्या हातातूनही ती निसटत नाही. इंग्लंडातील शेफील्डच्या चाकूवाल्यांनी या शिंगाला पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातून मागणी घातली. ते महाग पडू लागले तेव्हा गुराच्या साध्या हाडावर खाचा कोरून, त्याला तपकिरी रंग पाजून, सांबरशिंगाची नक्कल होऊ लागली. हाड सच्छिद्र असते, रंग आत मुरतो. नक्कल इतकी गाजली की लोक पुढे नकलेसाठीच ते चाकू मागू लागले.

नकलेचा खरा राजा सेल्युलॉइड. १८७० साली अमेरिकेत जॉन हायट या गृहस्थाने त्याचे पेटंट घेतले, तेव्हा बिलियर्डच्या चेंडूसाठी हस्तिदंताला पर्याय शोधणे चालू होते. कापसापासून निघालेल्या या पदार्थाने हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे, शिंपल्याचे, सगळ्यांचे सोंग घेतले. पुढे १९०७ साली बेकलाइट आले आणि त्यानंतर प्लॅस्टिकची रांगच लागली. स्वित्झर्लंडमधील ज्या लाल मुठीच्या चाकूवर पांढरा क्रूस असतो, त्याची मूठही याच कुळातली. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावी कारखाना काढला आणि पुढे सैनिकांसाठी चाकू पुरवले. त्या पहिल्या चाकूंना काळपट लाकडाची मूठ होती. आम्हाला विचाराल तर ती अधिक देखणी.

फ्रान्सच्या दोन मुठी मात्र आपल्या वाचकांना आवडतील. साव्हॉय प्रांतात जोझेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बीचच्या लाकडाच्या मुठीचा साधा चाकू बनवला. त्याच्या पात्यावर आशीर्वाद देणारा हात आणि वर मुकुट असा छाप असतो. तो हात आला आहे जवळच्या सेंट-जाँ-द-मोरियेन या गावाच्या चिन्हातून, कारण तेथील कॅथेड्रलमध्ये योहान बाप्तिस्ताच्या बोटांचे अवशेष जपले आहेत अशी परंपरा आहे. दुसरा लाग्योल गावचा. त्याची मूठ गुराच्या शिंगाची आणि तिच्यात बारीक खिळ्यांनी एक क्रूस उठवलेला असतो. रानात महिनोन्‌महिने राहणारे मेंढपाळ पाते जमिनीत किंवा पावात रोवून त्या क्रुसासमोर प्रार्थना करीत, असे तिकडे सांगतात. चर्च दूर होते, चाकू खिशात होता. या खिळ्यांमुळे मूठ अधिक घट्ट बसते असे नाही. तो क्रूस केवळ असावा म्हणून आहे. नुसत्या मुठीसाठी चाकू घेणाऱ्यांना याहून मोठा आधार कोणता? सिस्टाइन चॅपेलमधील 'अंतिम न्याय' या चित्रात मायकेलएंजेलोने संत बार्थोलोम्यूच्या हाती चाकू दिला आहे. आम्ही चित्राची प्रत डोळ्यांजवळ नेऊन तिथेही मूठ शोधली. ती संताच्या मुठीत झाकलेली आहे.

आमच्या छंदाची कोणी थट्टा केली की आम्ही त्याला पुण्याला, बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायला सांगतो. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. तिथले अडकित्ते पाहावेत. सुपारी तर कोणत्याही अडकित्त्याने फुटते, तरी कुणा कारागिराला हत्याराच्या दांड्यांना पशुपक्ष्यांचे, माणसांचे आकार द्यावेसे वाटले. कातरायचा भाग बोटभर, आणि बाकी सगळा हातात धरायचा.

पण मोहाला एक दुसरी बाजू आहे आणि ती आम्हाला शिरवळच्याच बाजारात भेटली. जुनी भांडी, कुलुपे, घड्याळे मांडून बसणाऱ्या एका वृद्ध विक्रेत्याने आमची आवड ओळखली होती. एके दिवशी त्याने इकडेतिकडे पाहून पोत्याखालून एक चाकू काढला. मूठ सांबरशिंगाची, अस्सल. खालच्या टोकाला शिंगाच्या मुळाची दाणेदार कंगोऱ्यांची कडी जशीच्या तशी राखलेली. आम्ही ती हातात घेतली आणि खरे सांगतो, खाली ठेववेना. किंमतही आवाक्यातली होती. "आपोआप गळल्यालं शिंग हाय, साहेब. जनावर मारल्यालं न्हाई," तो म्हणाला. ते खरेही असेल. कोयना-चांदोलीच्या रानात सांबरे आहेत आणि ती दरसाल शिंगे टाकतात. परंतु १९७२ चा वन्यजीव कायदा गळून पडलेले शिंगही विकू देत नाही. आणि ते आम्हाला पटते. एकदा पडलेल्या शिंगाला गिऱ्हाईक मिळाले, की ते पडेपर्यंत वाट पाहणारा माणूस किती दिवस वाट पाहील? हस्तिदंताचे हेच झाले. जुना साठा, वारसाने आलेला तुकडा, मेलेल्या हत्तीचा दात, अशा नावांखाली नवे दात विकले गेले, म्हणून आपल्या देशाने १९८६ मध्ये देशी हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी दंताचाही व्यापार बंद केला. आम्ही चाकू परत दिला. विक्रेता रागावला नाही, फक्त पुन्हा कधी त्याने आम्हाला पोत्याखालचे काही दाखवले नाही. ती मूठ मात्र आमच्या तळहाताला अजून आठवते.

डब्यातील चौदावा चाकू आमचा नव्हे, वडिलांचा. १९६४ साली वसईच्या वाडीतून त्यांनी स्वतः लावलेल्या केळीचा पहिला माल मुंबईला गेला, तेव्हा परतताना त्यांनी क्रॉफर्ड मार्केटजवळ तो घेतला. पात्यावरचा छाप झिजून गेला आहे. मूठ सेल्युलॉइडची, कासवाच्या पाठीची नक्कल, पिवळ्या-तपकिरी ढगांची. लहानपणी आम्ही ती उन्हात धरून तिच्यातून माडांकडे पाहत असू, आणि आमच्या या वेडाचे मूळ बहुधा तिथेच आहे. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे शिरवळला आले, चाकूही आला. सुपारी, सुतळी, आंबा, पेन्सिल, सगळ्याला त्यांना तोच लागे. पण वयाप्रमाणे सेल्युलॉइड मरते. मुठीवर भेगा पडल्या, कापरासारखा उग्र वास येऊ लागला आणि त्या वाफेने पाते मुळापाशी गंजू लागले. इकडे बाबांची बोटेही संधिवाताने आखडली. पातळ, गुळगुळीत मूठ त्यांच्या हातात फिरू लागली. आंबा आम्ही कापून द्यायचा आणि त्यांनी न बोलता खायचा, असे सुरू झाले. ज्या माणसाने आयुष्यभर कोयता चालवला, त्याच्यासमोर कापलेल्या फोडींची बशी ठेवताना आम्हाला त्यांच्याकडे पाहवत नसे.

आमच्या मनात होते की मूठ कशीबशी चिकटवून जपावी. गावातील एका सुताराला विचारले. त्याने चाकू पाहिला, हुंगला आणि बाजूला ठेवला. "ही काढावी लागंल. आन्‌ बाबांना घेऊन या, साहेब. मूठ हाताला करायची, चाकूला नव्हं." बाबा गेले. सुताराने त्यांच्या हाती ओल्या मातीचा गोळा दिला, दाबायला सांगितले, आणि उमटलेल्या बोटांवरून बाभळीची मूठ तासली. जुन्या मुठीच्या दुप्पट जाड, एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला खोलगट, अंगठ्यासाठी वेगळी खाच. वर जवसाचे तेल. आम्ही विकत घेतलेल्या कोणत्याही मुठीजवळ ठेवली तर ती एखाद्या रताळ्यासारखी दिसते.

त्या संध्याकाळी बाबांनी हापूस स्वतः कापला. फोडी वेड्यावाकड्या झाल्या. पहिली त्यांनी सुनेला दिली, दुसरी आम्हाला. "लाकूड बरे आहे," एवढेच म्हणाले, आणि चाकू डब्यात परत न ठेवता सदऱ्याच्या खिशात टाकला. पिवळ्या ढगांचे दोन तुकडे आम्ही कागदात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवले आहेत. इतर चाकूंबरोबर ते ठेवता येत नाहीत, त्यांच्या वाफेने शेजारची पातीही गंजतात.