पहिला मांडा आगारीला, दुसरा शेजारी

मांडे हे एकटीचं काम नव्हे. आमच्या नामपुरात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी एकीने जाळ सांभाळायचा, दुसरीने पुरणाचे गोळे वळायचे आणि तिसरीने मांडा हातावर घ्यायचा, अशी गल्लीत वाटणीच असते.

गहू आदल्या दिवशी ओलवून दळायचे, पीठ फडक्यातून चाळायचं. कणीक सैल भिजवून, पाण्याचा हात लावत, आपटून आपटून तिंबायची. तिला तार सुटली की पुरण भरून उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा. बोटांनी ओढला की तो फाटतो. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे फिरवत नेला, तर स्वतःच्या वजनानेच पसरतो. मग अलगद उलट्या खापरावर. मातीचं खापर सावकाश तापतं आणि आच सगळीकडे सारखी देतं, म्हणून एवढा पातळ मांडा करपत नाही.

मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. मला त्यातला चमत्कार जितका आठवतो, तितकंच ते नाकारलेलं भांडंही. म्हणून माझं खापर मागेल तिला मिळतं. पहिला मांडा पितरांच्या आगारीला, म्हणजे विस्तवावरच्या नैवेद्याला, दुसरा शेजारी. बरोबर वाटीभर आमरस. ताट परत येतं तेव्हा त्यात कुरडया असतात, नाहीतर मूठभर साखर. रिकामं ताट कुणी धाडत नाही.

चुली विझल्या की सगळ्या जणी ओट्यावर टेकतात आणि मी शोकेसमधले कप काढते. गुलाबी फुलं, सोनेरी काठ, बोन चायनाचे. ही माती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये नावारूपाला आली. पांढऱ्या चिनी मातीत हाडांची राख मिसळून ती भाजतात. म्हणूनच कप इतका पातळ, की उजेडाकडे धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. पातळ काठ ओठांना टोचत नाही, चहाचा रंगही आत खुलून दिसतो. दिवसभर जाळासमोर बसलेल्या बाईने बशीत ओतून तो निवांत प्यावा. एखादी बशी फुटलीच, तर उरलेला कप दुसऱ्या बशीवर ठेवायचा.

चांगली भांडी पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची रीत मी सोडली. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे पोचवतात. त्या घरी मी लाडू-चकल्या पिशवीत बांधून देत नाही. फुलांच्या बशीत मांडून नेते, वर विणलेला रुमाल टाकते, आणि चहाला थांबते. ज्या घरात सण नाही, तिथे आपलं सर्वांत चांगलं भांडं आधी पोचलं पाहिजे.