सरळ रस्त्याची परीक्षा

सैल झालेल्या सांध्यांचा दोष घाटात दडून बसतो. कसाऱ्याच्या वळणावर चाकं एका अंगाला रेटलेली असतात, स्टेअरिंगपासून टायरपर्यंतचा प्रत्येक सांधा त्याच अंगाला टेकतो, आणि झिजेने पडलेली फट तेवढ्यापुरती भरून निघते. गाडी गुणी वाटते. मग समृद्धी महामार्गासारखा नजर संपेपर्यंत सरळ जाणारा काँक्रीटचा रस्ता लागतो आणि तीच उंच, दोन टनांची गाडी आपल्या मनाने चालू लागते. कुणी न वळवता ती पांढऱ्या पट्टीकडे सरकते. आपण तिला हलकेच परत आणू पाहतो, तर क्षणभर काहीच घडत नाही. मग घडतं ते जरा जास्तच, आणि ती दुसऱ्या पट्टीकडे निघते.

ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. तिचं तोंड एका अंशाने जरी फिरलेलं असलं तरी त्या सेकंदात ती अर्धा मीटर बाजूला गेलेली असते. एक अंश डोळ्याला दिसतही नाही. तो हाताला कळावा लागतो, आणि सांधे सैल झालेल्या गाडीत नेमकं हे कळणंच थांबतं. रस्ता टायरमधून, रॉडमधून, स्टेअरिंगच्या खांबातून वर हातापर्यंत जे सांगत असतो ते वाटेतच कुठेतरी सांडतं. नागपूरहून निघालेला चालक शिर्डीला उतरतो तेव्हा त्याचे खांदे भरून आलेले असतात. सरळ रस्त्यावर एवढं दमायला काय झालं, असं घरचे विचारतात. तो दिवसभर गाडी दुरुस्त करत आलेला असतो, चालता चालता, क्षणाक्षणाला.

माझ्याकडे अशीच एक जुनी डिझेल गाडी आहे, लोखंडी चॅसीवर बसलेली, अख्ख्या कुटुंबाला सामावून घेणारी. ती भटकायला लागली तेव्हा भेटेल त्याने एकच सल्ला दिला: अलाइनमेंट करून घ्या. हा सल्ला मला पटत नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून ते पक्के करणं. पण ज्या सांध्यांवर ते कोन उभे असतात तेच डुगडुगत असतील तर मशीनच्या पडद्यावर उमटलेला हिरवा आकडा गाडी दुकानाबाहेर पडेपर्यंत तरी खरा राहील का? अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

ज्या मिस्त्रींकडे मी गेलो त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न केला, ‘‘साहेब, गाडी ओढते, थरथरते का भटकते?’’

या तीन तक्रारींमध्ये निम्मं निदान असतं. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर टायरमधली हवा, चिकटलेला ब्रेक किंवा टायरच पाहावा. पुढची दोन चाकं अदलाबदल केल्यावर ओढ बाजू बदलत असेल तर दोष टायरचा. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग. पण दोन्हीकडे, कारणाशिवाय, धरलं तर डावीकडे आणि सोडलं तर उजवीकडे जात असेल तर सांध्यांत खेळ आलेला असतो. त्यातही वारा आणि रस्ता आधी वजा करावे लागतात. उंच गाडीच्या कुशीला मोकळ्या माळावरचा वारा नुसता भिडला तरी ती हलते, आणि ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मागे रुंद टायर आपोआप जातात. म्हणून पडलेल्या वाऱ्यात, सपाट रस्त्यावर आणि दरवाज्यावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरून चाचणी घ्यायची.

नंतरचं काम दोन माणसांचं. गाडी चाकांवरच उभी, कारण भार सांध्यांवर असायला हवा. पॉवर स्टेअरिंग म्हणून इंजिन चालू. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. मी सीटवर बसून स्टेअरिंग बोटभर इकडे, बोटभर तिकडे हलवत होतो आणि मिस्त्री खड्ड्यात उतरून एकेका सांध्यावर तळवा ठेवत होते. खालून आवाज येत होता: ‘‘हळू... अजून थोडं... तेवढंच राहू द्या.’’ सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक एक बोट टेकवायचं. दोन्ही बोटं एकदमच हलली तर सांधा शाबूत, एक आधी आणि दुसरं मागून हललं तर तिथे झीज. यासाठी यंत्रंही असतात, तरी मी या बोटांवरच विश्वास ठेवीन. अर्ध्या मिलिमीटरची फट पडद्यावर दिसण्याआधी कातडीला लागते.

खांबाच्या तळाचा जॉइंट, मग स्टेअरिंग बॉक्स, तो बॉक्स चॅसीवर धरणारे बोल्ट, मग पिटमन आर्म, आयडलर आर्म आणि टाय रॉडचे एंड. या रॉडचं कूळ जुनं आहे. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्या कारागिराने वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणारी जोडणी शोधली, आणि १८१८ साली रुडॉल्फ अकरमनने तिचं पेटंट लंडनमध्ये घेतलं. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं झालं, याची मला आजही हळहळ वाटते. घोड्यांच्या बग्गीसाठी सुचलेलं ते तत्त्व अजून आपल्या पुढच्या चाकांमध्ये काम करतं आहे.

स्टेअरिंग बॉक्सपाशी मात्र थांबलं पाहिजे, कारण मोह तिथे आहे. माझ्या गाडीच्या बॉक्समध्ये स्क्रूवर चढणारा एक नट आहे आणि दोघांच्या मधल्या खोबणीतून पोलादी गोळ्या फिरत राहतात. बॉक्सच्या डोक्यावर एक स्क्रू आणि त्याला लॉकनट. तो पाव फेरा आवळला की स्टेअरिंग लगेच घट्ट लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. ही खुशी धोक्याची आहे. जास्त आवळलेला बॉक्स मधोमध अडतो, वळणातून बाहेर येताना स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, आणि झीज होती तिथेच राहते. बाकीचे सगळे सांधे निर्दोष ठरल्याशिवाय त्या स्क्रूला पाना लावू नये.

पुढचं चाक जॅकवर घेतलं. वरखाली धरून हलवलं तर किंचित खेळ. मिस्त्रींनी मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक लागल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. आमचा नाहीसा झाला. बेअरिंग सैल होतं, ते नव्याने जुळवायचं ठरलं. इतकी साधी युक्ती, आणि तिच्याअभावी किती चांगले बॉल जॉइंट भंगारात जात असतील!

पुढची चाकं ज्या आसाभोवती वळतात त्याला मागे झुकाव दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलताच मागे फिरून रेषेत येतं, तसं हे चाक गाडीच्या मागे मागे राहू पाहतं. सस्पेन्शनच्या आर्मचे बुश गेले की हा झुकाव ढळतो. गाडी पुढून ऐटबाज दिसावी म्हणून टॉर्शन बार आवळून ती उंच करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उंची वाढते तेव्हा चाकांचे सगळे कोन बदलतात.

शेवटी मिस्त्री मागे गेले, जिथे कुणी पाहत नाही. ‘‘ॲक्सिलरेटर सोडला की मागचं अंग सरकल्यासारखं होतं का?’’ होतं! मागचा अख्खा ॲक्सल बाजूला सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड टॉमीने दाबताच आपल्या बुशमध्ये लपकन हलला. रबरातलं भोक लांबट झालं होतं. मागची चाकंही गाडी वळवत असतात, आणि ती वळणं चालकाच्या हातात नसतात.

असा हिशेब जमला: एका रॉड एंडमध्ये जरासा खेळ, आयडलर आर्मच्या बुशमध्ये त्याहून कमी, बेअरिंगमध्ये किंचित, मागच्या रबरात बराच. पहिल्या तिघांतला कुठलाही एक सुटा तपासला असता तर कुणीही ‘चालेल’ म्हणून सोडून दिला असता. सगळ्यांची ‘चालेल’ मिळून रस्त्यावरची ती अर्ध्या मीटरची भटकंती झाली होती.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९८ वा नियम स्टेअरिंगचा आहे. चाकावरचा मोकळा खेळ ३० अंशांहून जास्त नको, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि जोडणीचे बोल्ट निसटू नयेत असे अडकवलेले हवेत. ३० अंश मला फार वाटतात, त्याच्या कितीतरी आधी हात दमतात. पण रबरी टोपीचा उल्लेख करणाऱ्याला मी मानतो. ती फाटली की धूळ आणि पाणी आत शिरतं, ग्रीस वाहून जातं आणि सांध्याचे दिवस भरतात. दर सर्व्हिसिंगला खाली वाकून ती टोपी पाहायला काही खर्च येत नाही.

नवे भाग बसले, मग अलाइनमेंट झाली, टाकी भरलेली आणि टायरांत हवा बरोबर असताना. भाग बसवताना मिस्त्रींनी रॉड एंडचा नट ठरलेल्या टॉर्कला आवळला, पिनचं भोक जुळेना तेव्हा नट सैल न करता थोडा पुढेच नेला, नवी स्प्लिट पिन घातली आणि तिची टोकं वाकवली. जुनी पिन वाकवून पुन्हा वापरता येते का, असं शिकाऊ पोराने विचारलं. त्यांनी ती त्याच्याकडून मागून घेतली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.