तांदळाच्या डब्यातील पुरचुंडी

जुन्या घरांत तांदळाचा डबा केवळ तांदळासाठी नसे. महिन्याच्या खर्चातून वाचवलेली एखादी नोट आजी पुरचुंडीत बांधून त्याच्या तळाशी ठेवीत असे. उरले तर ठेवू, असे ती कधी म्हणत नसे. आधी बाजूला काढी आणि मग खर्च करी. कुणाचे आजारपण, लेकीचे बाळंतपण, नातवाची फी, अशा वेळी ती पुरचुंडी सुटे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मुलांना ऐकवावी लागत नसे; ती त्यांना रोज दिसत असे. वाण्याकडून आलेले सुटे पैसे मोजून घेण्याचे काम आजी नातवाकडेच सोपवी.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. त्या नोटा बँकेत भरण्यासाठी ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. अनेक घरांतील पुरचुंड्या तेव्हा प्रथमच उजेडात आल्या. ज्या पैशांवर केवळ आजीचा अधिकार होता, ते साऱ्या घराला ठाऊक झाले. अडीअडचणीसाठी जपलेली पुंजी हीच अडचण होऊन बसली. तिच्यासोबत बँकेच्या रांगेत उभे राहून नातवाने स्लिप भरून दिली, त्या दिवशी शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा बदलल्या.

आजीची सवय चुकीची नव्हती. जागा चुकली होती. डब्यातील नोटेला व्याज मिळत नाही, आणि महागाई वाढली की तेवढ्याच नोटेत तांदूळ मात्र कमी येतो. बँकेतील स्वतःच्या नावाचे खाते पैसा सुरक्षित ठेवते आणि त्यावरील अधिकारही राखते.

आजच्या मुलांची अडचण निराळी आहे. मोबाइलवरून पैसे देताना हातातील नोट कमी होताना दिसत नाही. म्हणून त्यांना दिलेल्या पैशांचा जमाखर्च वहीत लिहायला लावणे अधिक गरजेचे झाले आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. खाते बँकेत उघडता येते. सवय मात्र घरातच लागते. वडीलधारी माणसे स्वतः हिशेब लिहीत असतील, तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही. डबा बदलला तरी चालेल. आधी बाजूला काढण्याची आजीची रीत तेवढी सुटू नये.