मिठाचं तळं, तेही मराठवाड्याच्या शेजारी!

कच्छच्या रणाचा प्लॅन यंदाही बारगळला? नो प्रॉब्लेम. बीड जिल्ह्यातल्या तेलगावहून, उसाच्या ट्रॅक्टरांना साइड देत, गाडी माजलगाव, पाथरी, सेलू, मंठा अशी काढा आणि लोणार गाठा. वाटेत उन्हाळ्याची करामत दिसेलच; पाणी उडालं की काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लोणारला तोच उन्हाळा मीठ बनवतो!

उल्केनं बेसाल्टमध्ये पाडलेला हा वाडगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद. काठावरच्या धारेचं पाणी गोडं, तळ्याचं खारट. कारण पाणी आत येतं, बाहेर पडायला वाट नाही. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात आणि कडेला पांढरी पापडी धरते. राजस्थानातलं सांभर काय किंवा अमेरिकेतली डेथ व्हॅली काय, गणित हेच. जून २०२० मध्ये पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी तळं चक्क गुलाबी केलं. त्याच नोव्हेंबरात ते रामसर यादीत गेलं.

पण बाहेरचं गोडं पाणी, सांडपाणी जास्त शिरलं, तर खार पातळ होणार आणि हे सूक्ष्मजीवही जाणार. तेव्हा साबण, शाम्पू गाडीतच ठेवा. उतरायचं ते पहाटे. चढताना दम निघतो, बॉस. रिकाम्या बाटल्याही वर आणा.