झेल आणि त्रैराशिक

उंच उडालेला चेंडू नेमका कुठे पडणार, हे कागदावर मांडायचं तर चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, वारा, हवेचा विरोध असा बराच ऐवज लागतो. आम्हां बँकवाल्यांना एवढ्या हिशेबाला अख्खा रविवार पुरायचा नाही, आणि उत्तर निघेपर्यंत चेंडू शेजारच्या काकूंच्या वाळवणात! उलट, ज्याला तेराचा पाढा येत नाही असा गल्लीतला पोरगा धावत जाऊन तोच झेल लीलया घेतो. त्रैराशिकाचा याहून मोठा अपमान कुठला?

पण या पोराची बाजू घेणारा निघाला तोही भौतिकशास्त्रज्ञच. सेव्हिल चॅपमन या अमेरिकन गृहस्थांनी १९६८ साली दाखवून दिलं, की समोरून येणारा चेंडू कुठे पडणार हे आधी ठाऊक असायची गरजच नाही. नुसतं त्याच्याकडे बघायचं. वर चढण्याचा त्याचा वेग नजरेला वाढताना दिसतोय? तो डोक्यावरून जाणार, मागे पळा. वेग मंदावतोय? तो पुढ्यात पडणार, पुढे धावा. चेंडू एकाच चालीनं चढताना दिसेल असं पळत राहिलं, की चेंडू आणि आपण एकाच जागी हजर!

२५ जून १९८३. लॉर्ड्सवर आपल्या खात्यात १८३ धावांची तुटपुंजी शिल्लक. मदनलालचा चेंडू रिचर्ड्सनं उंच उडवला आणि कपिल देव पाठमोरा धावत सुटला, नजर मात्र खांद्यावरून चेंडूवर. रिचर्ड्स ३३ वर बाद. त्या धावण्यात बेरीज-वजाबाकीला सवड कुठली? २००४ साली तर संशोधकांनी कुत्र्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बांधून पाहिलं. उडती तबकडी पकडताना तीही अशीच नजरेच्या भरवशावर धावतात. त्यांना पाढे कोण शिकवणार?

यातली मेख अशी, की हे ज्ञान धावणाऱ्यालाच होतं. जागच्या जागी उभं राहून चेंडू कुठे पडेल ते सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. आम्ही मात्र सोफ्यावर बसून, "अरे, मागे जा, मागे!" असं बिनदिक्कत ओरडतो.

परवा याच सोफ्यावर बसून मी लेकीच्या बारावीनंतरच्या दहा वर्षांचा तक्ता आखला. कॉलेज, फी, नोकरी, व्याजासकट सगळं. तिनं तो शांतपणे वाचला आणि म्हणाली,

"बाबा, मला आधी धावायला तर लागू द्या!"